इंजिन खाली घ्यायचे की नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगच्या कामात माझी उमेद गेली. ट्रकचे इंजिन माझ्याकडे येई ते सुटे होऊनच. ब्लॉक हातगाडीवर, क्रँक पोत्यात गुंडाळलेला, पिस्टन पत्र्याच्या डब्यात. गाडी तिकडे शिरोलीला नाहीतर तावडे हॉटेलाजवळच्या एखाद्या गॅरेजात बॉनेट काढून उभी असे. इंजिन खाली घ्यायचे हा निर्णय तिथेच होऊन गेलेला असे. तो बरोबर होता का, हे मात्र माझ्या टेबलावर मायक्रोमीटर लावल्यावर कळे. क्रँक अजून स्टँडर्ड मापात आहे, बोअर गोल आहे, ऑइल पिण्याचे कारण भलतेच कुठेतरी आहे, असे इंजिनही टेबलावर यायचे आणि मला मनापासून वाईट वाटायचे. मालकाचे आठ-दहा दिवस गेलेले असत, भाडे बुडालेले असे, आणि कारखान्यातून घट्ट बसून आलेले सगळे सांधे उगाच सुटलेले असत.

आमच्या धंद्याचा इतिहास सांगायचा तर मी या एका प्रश्नाच्या आधाराने सांगेन. मोठे काम निघाले तर इंजिन चासीतच ठेवून करायचे की उतरवायचे? याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले, आणि ते यंत्राच्या घडणीने जितके बदलले तितकेच बाजारानेही बदलले.

माझे वडील, आमचे आबा, या कामाला लागले तेव्हा रस्त्यावर अमेरिकन पेट्रोल गाड्यांचे राज्य होते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. फोर्डचे काम मुंबईतही चाले. महायुद्ध संपले आणि लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात आल्या. त्या घेऊन अनेकांनी मालवाहतुकीत पाऊल टाकले. शेवरलेटच्या त्या वेळच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला वेगळे बेअरिंग नसेच. रॉडच्या डोळ्यातच पांढरा धातू ओतून घासलेला असे. तो झिजला की ठोका सुरू होई. मग मिस्त्री गाडीखाली पाठीवर झोपायचा, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, काढायचा, रॉडच्या कॅपखालची कागदासारखी पातळ शिम काढून घ्यायचा आणि कॅप पुन्हा कसायचा. ठोका बंद. धातू पारच संपला असेल तर रॉड काढून नवा धातू ओतायचा, क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंग बसते त्या गोल भागाला, निळा रंग लावून रॉड फिरवायचा आणि जिथे रंग लागेल तिथे स्क्रेपरने अलगद खरवडायचे. आबांच्या हाताला हे काम फार सुरेख यायचे.

सांगायचा मुद्दा असा की, त्या काळात बेअरिंगसाठी इंजिन खाली घ्यायची पाळी क्वचित येई. इंजिनाची घडणच जागच्या जागी दुरुस्तीला सोयीची होती. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवाव्या लागल्या, तेव्हा राखेने बोअर खाल्ले आणि ब्लॉक उतरवायची वेळ जास्त आली, पण तो काळ थोडा होता. आमच्याकडच्या मिस्त्रींच्या अंगात ‘आधी खालून बघू’ ही जी सवय भिनली ती त्या शिमच्या दिवसांतली, असे माझे ठाम मत आहे. पुढे सगळे बदलले तरी ती सवय राहिली, आणि तिने पुष्कळ मालकांना वाचवले.

बदल आला तो डिझेलने. गाड्यांची नुसती जोडणी करून चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवावे लागतील, असे धोरण १९५३ साली सरकारने घेतले आणि जनरल मोटर्स व फोर्ड इथून गेल्या. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार १५ वर्षे चालला. तोंडावर तीन टोकांचा तारा असलेली टाटा-मर्सिडीज आमच्या घाटांत दिसू लागली. इकडे पेट्रोलच्या जुन्या गाड्यांमध्ये पर्किन्स पी-सिक्स डिझेल इंजिने बसवून घेणारेही होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटले पाहिजे. रिंगा आणि बोअर जरा सैल झाले की पेट्रोल गाडी कशीबशी चालते, पण डिझेल गाडी थंडीच्या सकाळी सुरूच होत नाही. त्यात बेअरिंगही बदलले. ओतलेल्या धातूऐवजी तयार मापाच्या शेल आल्या. शेल खरवडत नाहीत. तिची मापे ठरलेली असतात, स्टँडर्ड, मग दहा, वीस, तीस, चाळीस हजारांश इंच. क्रँक अंडाकार झिजला असेल तर त्याला ग्राइंडिंग करून पुढच्या मापावर न्यायचा आणि त्या मापाची शेल घालायची. ग्राइंडिंग करायचे म्हणजे क्रँक बाहेर काढायचा, आणि क्रँक बाहेर काढायचा म्हणजे इंजिन खाली. एका लहानशा बदलाने हा प्रश्न मोठा झाला, आणि माझ्यासारख्यांना धंदा मिळाला.

टाटाच्या इंजिनांचे नंबर आम्हा बोअरिंगवाल्यांना फार आवडायचे, कारण नंबरातच माप सांगितलेले असे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचे बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचे बोअर. पुढे १९८६ साली पुण्याच्या कारखान्यातून चारशे सात आली, तिचे ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि तेच ९७. गाडीच्या नावातही हिशोब होता. १२१० म्हणजे भारासह बारा टन आणि शंभर हॉर्सपॉवर. बाराशे दहाने या भागाला ट्रकवाला बनवले असे म्हटले तरी चालेल. साखर कारखान्यांचा ऊस, निपाणीची तंबाखू, मार्केट यार्डातला गूळ, राधानगरी-चंदगडकडचे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्याला, भाजी आंबोली घाटाने गोव्याला, हे सगळे तिने वाहिले.

कोल्हापूरला इंजिनकाम इतके का रुजले, हे समजून घ्यायला हवे. इथे नदीकाठच्या शेतीला पाणी उचलायला ऑइल इंजिने लागत होती. ती बनवायला, दुरुस्त करायला ओतशाळा आणि लेथ उभे राहिले. उद्यमनगरात ज्या बोअरिंग मशीनवर सकाळी शेतकऱ्याचे इंजिन घेतले, त्याच मशीनवर दुपारी ट्रकचा ब्लॉक चढायचा. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या आणि सीमेपलीकडच्या गॅरेजवाल्यांनाही कोल्हापूर जवळचे वाटे. मिस्त्री रात्रीच्या एसटीच्या टपावर क्रँक टाकून यायचे आणि दुसऱ्या रात्री परत न्यायचे.

एका ब्लॉकचे आयुष्य म्हणजे एक जिना होता. स्टँडर्डवरून पहिले बोअर, दुसरे, तिसरे, चौथे. चाळीस हजारांश संपले की लायनर दाबून भरायचा आणि पुन्हा स्टँडर्डपासून सुरुवात. नव्या ट्रकसाठी नंबर लावून वाट पाहायचे दिवस होते ते. त्यामुळे जुना ब्लॉक टाकून द्यायचा विचार कुणाच्या मनात येत नसे. शिवाय इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत जाऊन नोंद बदलणे आले. म्हणून तडा गेलेला ब्लॉकसुद्धा टाके घालून, म्हणजे तड्याच्या ओळीत भोके पाडून त्यांत धातूच्या खुंट्या ठोकून, पुन्हा उभा केला जाई. पण प्रत्येक इंजिनकामाने या जिन्याची एक पायरी संपे. इंजिन विनाकारण उतरवले आणि ‘आता काढलेच आहे तर बोअर घेऊन टाकू’ म्हणून बोअर घेतले, की मालकाच्या ब्लॉकची एक पायरी फुकट गेली. मला याचीच जास्त चीड यायची.

चांगला मिस्त्री हा निर्णय एकदम घेत नसे. तो पायऱ्यापायऱ्यांनी आत शिरे. गाडी गॅरेजला आली की आधी ड्रायव्हरला विचारायचे. तवंदी घाटात पूर्वी कुठल्या गिअरवर चढत होती, आता कुठल्यावर चढते? एका खेपेला ऑइल किती घालतोस? धूर सकाळीच येतो की दिवसभर? काळा की निळा की पांढरा? काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जाते आहे. मग गाडी चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढायचे. तिथून धपाधपा धूर आला की मिस्त्री म्हणे, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’ रिंगा आणि बोअर यांच्यामधून दाब खाली चेंबरात उतरतो आहे, असा त्याचा अर्थ. मग एकेका नोझलच्या पाइपचे नट सैल करून एकेक सिलिंडर बंद करायचा. ज्याचा बंद केल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. ज्याचा बंद केल्याने ठोका नरम पडतो, त्याच्या रॉडचे बेअरिंग संशयित. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ठोका वर आहे की खाली, हे ऐकायचे. शेवटी ऑइलच्या दाबाचा काटा. थंड इंजिनात काटा सगळ्यांचाच वर असतो. गाडी घाट चढून तापून आल्यावर, सावकाश चालू असताना तो कुठे पडतो, हे खरे.

एवढे झाले तरी हात इंजिनाला लावायचा नाही. आधी एअर फिल्टर, नोझल, पंप, टॅपेट. एअर फिल्टर तेव्हा ऑइलच्या भांड्याचे असत आणि बॉक्साइटच्या गाड्यांत ते लाल चिखलाने भरलेले सापडत. फिल्टर बुजला की गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते, आणि मालकाला वाटते की इंजिन बसले. ऑइल पिणाऱ्या गाडीत ब्रेकचा हवेचा कॉम्प्रेसर पाहायचा, कारण त्याला वंगण इंजिनातूनच मिळते. त्याच्या रिंगा गेल्या की इंजिनाचे ऑइल हवेच्या टाकीत जाऊन साठते. टाकीखालचा कॉक सोडून ऑइल आले तर निम्मे कोडे सुटले. असे एक इंजिन संपूर्ण सुटे होऊन माझ्याकडे आले होते. बोअर नीट, क्रँक नीट. मी मिस्त्रीला म्हटले, ‘टाकीचा कॉक सोडून आलास काय?’ तो गप्प झाला आणि ब्लॉक परत घेऊन गेला.

यातून निभावले नाही तर मधली वाट होती, तिला आम्ही हाफ इंजिन म्हणायचो. वरून हेड काढायचे, खालून चेंबर काढायचा, रॉडच्या कॅप सोडून पिस्टन वरच्या बाजूने उचलून घ्यायचे. क्रँक जागेवर. मेन बेअरिंगची वरची अर्धी शेलसुद्धा क्रँक हळूहळू फिरवत सरकवून बदलता येते. नव्या रिंगा, नव्या शेल, व्हॉल्व्ह घासून, दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. हे जमेल की इंजिन खालीच घ्यावे लागेल, हे ठरायचे ते याच क्षणी, हेड आणि चेंबर उघडे असताना. मिस्त्री बोटाचे नख बोअरमध्ये वरून खाली ओढी. वरच्या रिंगेची धाव जिथे संपते तिथे काठ तयार झालेला असतो, नख त्याला अडकते. तो काठ मोठा असेल आणि तसाच ठेवून नवी रिंग घातली तर ती काठावर आपटून तुटते.

ज्याच्याकडे बोअर गेज नसे त्याच्यासाठी एक सुंदर युक्ती होती. नवी रिंग घ्यायची, ती बोअरमध्ये वरच्या झिजलेल्या भागात सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजायची. मग तीच रिंग खाली, जिथे झीज नसते तिथे सरकवून पुन्हा मोजायची. दोन मापांतल्या फरकाला तीनाने भागले की बोअर किती मोठे झाले ते जवळजवळ बरोबर निघते. व्यास थोडा वाढला की परीघ तिपटीहून अधिक वाढतो, एवढेच त्यातले गणित. शाळा सोडून आलेली पोरे हे गणित हाताने करत, आणि माझ्या गेजशी त्यांचा फरक क्वचितच पडे. त्या पोरांना मी मनापासून मानतो.

क्रँकचे जर्नल बोटाने चाचपून त्यावर ओरखडे आहेत का, शेलचा वरचा थर जाऊन खालचे तांबूस दिसते आहे का, हे पाहायचे. जर्नल खरवडला असेल तर चर्चा संपली, इंजिन खाली. ब्लॉकला तडा, बोअर अंडाकार, तरीही तेच. बोअर घासून घ्यायचे असेल तरी मी उतरवा म्हणायचो, कारण चासीत होनिंग केले की दगडाची पूड खाली क्रँकवर पडते, कितीही तेलकट फडकी अंथरली तरी थोडी राहते, आणि नव्या शेल ती पूड खाते. ब्लॉकवर बसवायचे पोर्टेबल बोअरिंग मशीन होते, गाडीतच बोअर घेणारे. त्यावर माझा कधी विश्वास बसला नाही.

उतरवायचेच ठरले की मग मालकाला बोलवायचे. हे मला या धंद्यातले सगळ्यात मोठे सभ्यपण वाटते. चांगला मिस्त्री मालकाला उघड्या इंजिनापाशी उभे करून त्याचे बोट त्या काठावर फिरवायला लावी. ‘मालक, बघा, नख अडकतंय. आता रिंगा घालून देतो, पण दिवाळीला परत येशीला.’ मालक विचारी, ‘किती दिस?’ मिस्त्री सांगे, ‘कोल्हापूरहून बोअर होऊन आलं की आठ-दहा.’ मालकाच्या डोक्यात हप्ता असे, ऊसतोड असे, घरचे लग्न असे. म्हणून आमच्याकडे फुल इंजिनची कामे पावसाळ्यात येत. आषाढ-श्रावणात भाडी कमी, बॉक्साइट बंद, कारखाने बंद. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची त्या आधी इंजिने बांधून गाड्या बाहेर काढायच्या, कारण पुढे गळीत हंगाम. हंगामात बसलेल्या इंजिनाला मात्र हाफ इंजिन करून पट्टापडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ओढायचे. यंत्राच्या दृष्टीने ते अर्धवट होते, संसाराच्या दृष्टीने ते योग्य होते, असे मी म्हणतो.

एसटीचा मार्ग वेगळा. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटल्यापासून तिच्यामागे दापोडीसारख्या मोठ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. तिथे दुरुस्त इंजिन तयार असे. आगारात जुने उतरवायचे, तयार बसवायचे, गाडी मार्गाला. तिथे उतरवण्याची भीती नव्हती. एका गाडीच्या मालकाकडे दुसरे इंजिन कुठून येणार? त्यामुळे खोलण्याआधी ओळखण्याची कला खासगी गॅरेजांत जास्त वाढली.

उतरवण्याचे कामही ताकदीचे. तोंडवाल्या बाराशे दहाचे बॉनेट, रेडिएटर काढून तीन पाइपांच्या घोडीला चेनपुली लावायची आणि चारशे किलोवरचे इंजिन पुढे ओढून घ्यायचे. सपाट तोंडाच्या गाड्यांत इंजिन लाकडी केबिनखाली दडलेले, तिथे दुप्पट हाल. चेन तुटून जायबंदी झालेली माणसे मी पाहिली आहेत.

पुढचे सांगायला फार नाही. १९९३ साली टाटा कमिन्स आली आणि टर्बो इंजिने गाड्यांत बसली. त्यांतल्या सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर इंजिनाचे बोअर थेट ब्लॉकमध्येच असते, त्यामुळे बोअर गेले की उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. पण ती चालतातही खूप. २०१७ च्या एप्रिलपासून धुराचे भारत स्टेज चार आणि २०२० च्या एप्रिलपासून स्टेज सहा हे नियम देशभर लागू झाले. आता पंपाच्या जागी कॉम्प्युटर, सायलेन्सरच्या जागी धूर गाळणारे फिल्टर. ड्रायव्हरला घाटातला गिअर कुणी विचारत नाही, आधी लॅपटॉप जोडतात. लॅपटॉपला माझा विरोध नाही. सेन्सर जे सांगतो ते कानाला कळणार नाही. पण बेअरिंग अजून शेलचेच आहे, रिंग अजून बोअरमध्येच फिरते, आणि चेंबर अजून खालून उघडतो. आज ‘पूर्ण असेंब्लीच बदला’ असे सांगून मालकाला लाखांच्या खर्चात घालतात, तेव्हा चेंबर काढून एक शेल पाहायलाही कुणी वाकत नाही, हे मला पटत नाही.

माझ्याकडे बोअरच्या वह्या आहेत. गाडीचा नंबर, गॅरेजचे गाव, इंजिन कुठले, आत आले तेव्हाचे माप आणि बाहेर गेले तेव्हाचे. काही ठिकाणी समासात मी लिहून ठेवले आहे, ‘एअर फिल्टर बघा’. कारण बोअर वरून खाल्ले असेल तर धूळ हवेतून आलेली असते, आणि शेल खरवडल्या असतील तर घाण ऑइलातून. कुठल्या घाटाच्या गाड्या कधी झिजल्या, कुठला मिस्त्री उगाच उतरवायचा आणि कुठला कधीच नाही, हे सगळे त्या वह्यांत आहे. उद्यमनगरातले, सांगलीतले, नाशिक-मालेगावातले जुने बोअरिंगवाले आता दुकाने मिटत आहेत. त्यांना आणि त्यांच्या मुलांना माझी विनंती आहे. यंत्रे भंगारात घालावी लागली तर घाला, पण वह्या रद्दीत देऊ नका. जवळच्या आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात नेऊन द्या, आणि तिथल्या शिक्षकाला सांगा की मुलांना आधी ही मापे वाचायला शिकवा, चेनपुली नंतर हातात द्या.